आईकडची वंशावळ

काउंटरवर येणारा माणूस आधी कागद पुढे करतो, मग माझी काठी बघतो. अ‍ॅक्सिडेंट झाला का, असं विचारतो. मी नाही म्हणतो. मग लकवा? नाही. मग शुगर असेल. शुगरही नाही. तेवढ्यात त्याच्या मागे उभा असलेला कोणीतरी मालिशचं तेल सुचवतो आणि ते कुठे मिळतं तेही सांगतो. दिवसातून चार-पाच वेळा हे होतं. मी काही कमी बोलणारा माणूस नाही, पण तेच तेच सांगायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे एकदाचं टाइप करून ठेवलं. आता कोणी विचारलं की एक प्रत हातात देतो.

दुसरंही एक कारण आहे. पाय जड झालेला, रंग काळवंडलेला कोणी पुरुष हे वाचत असेल आणि त्याला माझ्यासारखंच निदान झालं असेल, तर त्याने स्वतःची काळजी सावकाश करावी. आधी बहिणीच्या घरी फोन करावा. मी तो फोन चार महिने केला नाही.

दुकान

माझं नाव प्रमोद, वय त्रेचाळीस. सीताबर्डीला एका गल्लीत जिन्याखाली माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. पण मुख्य काम जात पडताळणीच्या फायलींचं. पोरगं अकरावी-बारावीला गेलं की बाप कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतो. त्या फायलीतला महत्त्वाचा कागद म्हणजे वंशावळ. वर पणजोबा, खाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असं करत अर्जदारापर्यंत यायचं. प्रत्येक नावाला चौकट आणि चौकटीला रेघ. सगळे वडिलांकडचे. आईकडचं कोणी लागत नाही. वीस वर्षं हेच करतोय, आणि माझी फाईल कधी त्रुटीत परत आली नाही. याचा मला गर्व होता. बायको, वर्षा, त्याला गर्व म्हणत नाही, चरबी म्हणते.

चरबी हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझी जीभ लहानपणापासून तिखट. शाळेत मास्तर म्हणायचे, या पोट्ट्याला लय चरबी चढली आहे. तहसीलमधले बाबूही तेच म्हणतात, फक्त मी तिथून निघाल्यावर.

चप्पल

सुरुवात चपलेपासून झाली. डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून जायची आणि मला दहा पावलं पुढे गेल्यावर कळायचं. वर्षाने पट्ट्याची सँडल आणून दिली. मग पाय ताठ व्हायला लागले. मेट्रोचा जिना उतरताना कठड्याला धरून उतरू लागलो. मागचे लोक "चला ना काका" म्हणायचे. मी चाळीसचा, म्हणणारे पस्तिशीचे.

मग लघवी. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. आली की आलीच, थांबायचं नाव नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना शटर अर्धं ओढून पळायचो, आणि पळता येत नव्हतं हाच तर आजार होता. ड्रॉवरमध्ये जादा पँट ठेवायला लागलो. वर्षा सोडून हे कोणाला माहीत नव्हतं.

बाकीच्या गोष्टी एवढ्या बारीक होत्या की त्यांना आजार म्हणावं असं वाटलं नाही. वजन उतरलं. दुपारनंतर खुर्चीतून उठावंसं वाटेना. रंग काळा पडत गेला, बोटांची पेरं तर शाईत बुडवल्यासारखी. नागपुरात कोणी काळवंडला तर लोक उन्हाकडे बोट दाखवतात आणि विषय संपतो. आणि मीठ. मला मीठ खावंसं वाटायचं. पेरू कापायचा तो मिठासाठी. पेरू संपला तरी तळहातावरचं मीठ चाटत बसायचो. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत मीठ भरून खिशात ठेवायचो.

हाडाच्या डॉक्टरांनी कमरेची गादी सरकली म्हणून पट्टा दिला. दीड वर्ष तो पट्टा बांधून हिंडलो. मग एका म्हाताऱ्या फिजिशियनने पायांकडे न बघता माझे हात बघितले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि विचारलं, मीठ जास्त लागतं का. मी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी लगेच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

निदान

रक्त नागपूरच्या बाहेर गेलं आणि रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. मेंदूच्या डॉक्टर मॅडम बारक्याशा, पन्नाशीच्या, बोलताना समोरच्या कागदावर सारख्या चित्रं काढणाऱ्या. वर्षा माझ्या शेजारी बसली होती. मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. ते एवढं लांब होतं की मी त्यांनाच लिहून मागितलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मेंदू बराचसा चरबीचाच असतो. नसांवर वायरच्या प्लास्टिकसारखं वेष्टण असतं, तेही चरबीचंच. तेव्हा चरबी वाईट नाही. पण काही चरबीच्या साखळ्या फार लांब असतात, त्या शरीराने तोडून टाकायच्या असतात. तोडायची जागा पेशीच्या आत आहे, आणि तिथलं दार माझ्यात जन्मापासून बिघडलेलं आहे. म्हणून त्या साखळ्या तशाच साठत राहतात. पाठीच्या कण्यातल्या नसांत साठल्या म्हणून पाय गेले. किडनीवर एक छोटी ग्रंथी असते, तिच्यात साठल्या म्हणून रंग, अशक्तपणा आणि मीठ. ग्रंथीचं औषध आहे, ते घेतलं की ते ठीक होईल. पायांचं औषध नाही, व्यायाम आहे.

"आणि मेंदूत?" वर्षाने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, मेंदूतही साठतेच. बहुतेक मोठ्या माणसांत ती गप्प पडून राहते. एखाद्यात शरीर तिच्यावर उठतं, आत सूज येते, आणि मग वेष्टण भराभर जळत जातं. तुमच्या मेंदूत आज सूज नाही. दरवर्षी फोटो काढून बघायचं.

मी खाली बघत होतो. भीती वाटली का? वाटली. पण कशाची भीती वाटावी हे त्या दिवशी मला कळलं नव्हतं. मी स्वतःलाच घाबरत बसलो होतो.

वर्षाने तिथूनच माझ्या आईला फोन लावला. मेंदूत आणि नसांत चरबी साठते म्हणून राहिल्या मॅडम, एवढंच म्हणाली. संध्याकाळपर्यंत आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत बातमी पसरली की प्रमोदच्या डोक्याला चरबी चढली. एक शेजारी गंभीर तोंड करून भेटायला आला आणि मला बघितल्यावर त्याला हसू आवरेना. मलाही आलं. जे लोक शाळेपासून म्हणत होते ते आता सहीशिक्क्यानिशी झालं.

वर्षाने दुसऱ्या दिवसापासून घरातलं तेल बंद केलं. पोह्यावरची तर्री गेली, फोडणी गेली, पोळीला तेल नाही. महिनाभर आमच्या घरात उकडलेलं आणि भाजलेलं एवढंच शिजलं. पुढच्या वेळी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ही चरबी शरीर स्वतःच बनवतं, तुमच्या फोडणीने काही होत नाही. त्या दिवशी घरी जाताना आम्ही दोघांनी रस्त्यात थांबून तर्री-पोहे खाल्ले. वर्षाने दुसऱ्यांदा तर्री मागितली आणि मग डोळे पुसले, तिखट लागलं म्हणाली.

वॉर्ड

ग्रंथीच्या तपासण्या आणि औषध सुरू करण्यासाठी मला निदानानंतर लगेच पाच दिवस भरती केलं होतं. वॉर्डात सकाळ पाचला सुरू व्हायची. पाचला रक्त, सहाला फरशी, सातला चहा, मग नऊपर्यंत काही नाही. कोणी कोणाला नावाने हाक मारत नव्हतं. झाडणाऱ्या, पुसणाऱ्या बाया त्या मावशी, आणि स्ट्रेचर ढकलणारे, बाटल्या आणणारे ते मामा. आमच्या वॉर्डातल्या मामांना माझी अडचण पहिल्या तासात कळली. त्यांनी मला न विचारता माझी खाट संडासाजवळच्या कोपऱ्यात सरकवली आणि नर्सला सांगितलं की आधीच्या जागेवरचा पंखा बिघडला आहे. त्या पाच दिवसांत माझ्यावर झालेला सगळ्यात मोठा उपकार तो.

तिसऱ्या दिवशी मॅडम राउंडला आल्या आणि म्हणाल्या, घराण्यातल्या सगळ्यांची माहिती हवी आहे, कोण कोणाचा मुलगा, कोण कशाने गेलं.

मी उशीला टेकून बसलो. म्हटलं, मॅडम, हे तर माझं काम आहे. वर्षाला फोन करून हर्षलची फाईल मागवली. हर्षल माझा मुलगा, बारावीला आहे, त्याच्या पडताळणीसाठी केलेली वंशावळ तयारच होती. खापर-पणजोबापासून. लॅमिनेशन केलेली, कोपरे गोल कापलेले. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या हातात दिली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

त्यांनी ती बघितली. उलटी करून मागची बाजूही बघितली.

"फार छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे सगळे वडिलांकडचे. हा आजार तिकडून आलेलाच नाही. आईकडची कुठे आहे?"

"आईकडची नसते मॅडम."

"नसते म्हणजे?"

"लागत नाही."

त्यांनी वंशावळ खाटेवर ठेवली. मग विचारलं, "मामा आहेत का?"

"आत्ता इथंच होते," मी म्हटलं. "चहाला गेले असतील."

बाजूच्या खाटेवरचे आजोबा खोकत हसले. मॅडम हसल्या नाहीत. "तुमचे मामा. आईचे भाऊ."

मग त्यांनी माझ्या वंशावळीच्या मागे मार्कर पेनाने एक गोल काढला, म्हणजे आई. गोलाखाली एक चौकट, म्हणजे मी. बिघाड आई देते. तिच्या प्रत्येक लेकराला तो जाण्याची शक्यता रुपयातले आठ आणे. मुलात गेला तर आजार होतो, मुलीत गेला तर ती तो पुढे देते. बाप मात्र मुलाला हा देऊच शकत नाही.

"म्हणजे हर्षलला नाही?"

"नाही. शंभर टक्के नाही."

मला एवढं हलकं वाटलं की मी मॅडमना हात जोडले. पण त्यांचं संपलं नव्हतं. माझ्या चौकटीशेजारी त्यांनी दुसरा गोल काढला.

"बहीण आहे? तिला मुलगा आहे?"

बहीण कल्पना, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. नवरा कळमना मार्केटात एका अडत्याचं गोडाऊन सांभाळतो, घरही तिकडेच. मुलगा अर्णव, आठ वर्षांचा. मी सांगितलं तसा मॅडमनी पेन खाली ठेवला.

"त्याची तपासणी करा. लवकर करा. या वयाच्या मुलांत हा मेंदूत शिरू शकतो, आणि शिरला की आपल्याकडे महिने असतात, वर्षं नाही. सुरुवातीलाच दिसलं तर दुसऱ्याचा बोनमॅरो देऊन थांबवता येतं. पोरगं अडखळायला लागल्यावर आणलं तर नाही."

मी मान डोलावली. त्यांनी लिहूनही दिलं.

चार महिने

घरी आल्यावर मी आईला मामाबद्दल विचारलं. माझ्या आईचं माहेर खापा, कन्हान नदीच्या काठचं. तिला एक लहान भाऊ होता हे मला माहीत होतं, पण फक्त एका नावाने: झिंग्या मामा. मी पाळण्यात असताना तो गेला. लहानपणी अभ्यास केला नाही की बाबा म्हणायचे, झिंग्या मामासारखा होशील. दारू पिऊन गावभर झिंगत फिरायचा आणि दारूनेच मेला, एवढी त्याची गोष्ट.

आई भाजी निवडत होती. मी सांगितलं की मॅडम म्हणतात हा आजार तुझ्याकडून आला, आणि कल्पनाच्या पोराचं रक्त तपासायला हवं. तिने मेथीची काडी हातातच ठेवली.

"कल्पनाले सांगजो नको," ती म्हणाली. "तिच्या घरी म्हणतीन, मायच्या घरून रोग घेऊन आली."

मी ऐकलं. सगळा दोष आईवर टाकणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. मॅडमनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द पाठ होतं. पण माझा पोरगा सुटला होता, आणि ज्याचा सुटला त्याने बहिणीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? अर्णवला काही होत तर नव्हतं. उड्या मारत होता, शाळेत जात होता. होळीनंतर सांगू, मग परीक्षा झाल्यावर सांगू. कल्पना दर दोन दिवसांनी फोन करून माझ्या पायांबद्दल विचारायची. मी म्हणायचो, नसांचा त्रास आहे. ती म्हणायची, दादा, जास्त उभा राहू नको.

त्या चार महिन्यांत माझी तब्येत सुधारली, हे विशेष. दिवसातून तीनदा गोळी. आठवड्याभरात भूक परतली. मिठाची डबी खिशातून ड्रॉवरमध्ये गेली आणि ड्रॉवरमधून कचऱ्यात. रंग उजळला तसं गल्लीतले लोक म्हणाले, चरबी उतरली वाटते. पाय मात्र तिथेच राहिले. काठी घेतली. फिजिओथेरपीवाला पोरगा रोज पायाला दोरी बांधून ओढायला लावायचा, मी त्याला रोज शिव्या द्यायचो आणि तो रोज वीस मोजायचा.

मीठ

उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्णव आठ दिवस राहायला आला. दुपारी सगळे कूलरसमोर आडवे झाले होते. मी पाणी प्यायला उठलो. काठीचा आवाज नको म्हणून भिंतीला धरून गेलो. स्वयंपाकघरात अर्णव पाटावर उभा होता. मिठाची बरणी ओट्यावर उघडी. त्याने उजव्या हाताने डाव्या तळहातावर मीठ घेतलं आणि जिभेने चाटलं. परत घेतलं, परत चाटलं.

मला बघून त्याने हात पाठीमागे नेला. "मामा," तो म्हणाला, "आईला सांगू नको हं."

मी त्याचा हात धरून पुढे घेतला. बोटांची पेरं काळी होती. त्याच्या कळमन्याच्या आजीने घासून घासून ती सोलवटून टाकली होती, मळ समजून. मी भिंतीला धरून तिथेच खाली बसलो. तो म्हणाला, मामा, पाय दुखतात का? मी म्हटलं, हो. खोटं बोललो. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मी कल्पनाला फोन लावला आणि ये म्हटलं. ती भर दोन वाजता ऑटो करून कळमन्याहून आली, डोक्याला ओढणी गुंडाळून. मी काही गाळलं नाही. मॅडम काय म्हणाल्या, कधी म्हणाल्या, आत्ता काय बघितलं. आई दाराशी उभी होती.

"कधीचं माहीत आहे तुले?" कल्पनाने विचारलं.

"भरती होतो तेव्हापासून."

"चार महिने? काहून नाही सांगतलं?"

आईच म्हणाली, "म्याच नको म्हणून सांगतलं होतं."

"तुले नाही विचारून राहिली वं. याले विचारून राहिली." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दादा, दुसऱ्याचा एक कागद राहिला तं तू घरी फोन करते."

ती रडली नाही. अर्णवच्या पायात चपला घातल्या, त्याचे चार कपडे पिशवीत कोंबले आणि त्याच ऑटोने गेली. ऑटोवाला थांबून राहिला होता.

बाक

पुढचे दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी मात्र प्रत्येक तपासणीला हजर राहिलो. सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचो, रिपोर्ट तारखेवार लावायचो, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. तेवढंच मला येतं. बाकावर ती अर्णवच्या पलीकडे बसायची, मी अलीकडे.

रक्ताचा रिपोर्ट आला. बिघाड अर्णवमध्ये होता. म्हणजे कल्पनामध्येही. ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली. मॅडम म्हणाल्या, बरं झालं आता आणलं. या मुलाला साधा ताप आला असता, दोन दिवस उलट्या झाल्या असत्या, तर मेंदूपर्यंत जायची वेळच आली नसती, त्यातच गेला असता.

मेंदूचा फोटो काढायला त्याला आत नेलं तेव्हा वॉर्डातले तेच मामा स्ट्रेचर घेऊन आले होते. अर्णवने त्यांना विचारलं, तुम्ही पण माझे मामा का? ते म्हणाले, हाव ना, सगळ्यांचाच. पाऊण तास आम्ही बाहेर बसलो. कल्पनाच्या नवऱ्याने एकच बिस्किटचा पुडा चारदा उघडून बंद केला.

फोटो स्वच्छ आला. मॅडमनी "आत्ता तरी" असं जोडलं. आता दर सहा महिन्यांनी फोटो. पांढरा ठिपका दिसला तर बोनमॅरोची तयारी. या वयातली काही वर्षं अशीच काढायची.

आई ज्यांना घाबरत होती त्या कल्पनाच्या सासूबाई त्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. पोराचे हात घासून मी त्याला रडवलं, असं म्हणून त्या मॅडमसमोर रडल्या. मग डोळे पुसून गोळीच्या तीन वेळा दोनदा विचारून घेतल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला, तीन गजर लावून दे म्हणाल्या. मायच्या घरच्या रोगाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आईने तो शब्द चार महिने उराशी धरला होता.

उठताना आईने मॅडमना विचारलं, "उलट्या होऊन दोन दिवसात माणूस जाते का, मॅडम? दारू न पेता?"

"जातो. या आजारात जातो."

"अन् पाय असे झोकांड्या खाते?"

मॅडमनी मान डोलावली. मग आईलाच दोन पावलं चालून दाखवायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. वयाप्रमाणे गुडघे गेले म्हणून आई दहा वर्षं लेप लावत होती. ते गुडघे नव्हतेच, तोच आजार होता, हलक्या हाताने आलेला.

रकाना

दुसरा फोटो नुकताच झाला. तोही स्वच्छ आला. अर्णवला मिठाची आठवण राहिलेली नाही. बाकावर कल्पना माझ्या शेजारी येऊन बसली. अर्णवला डबा उघडून दिला आणि समोर बघत म्हणाली, "तुझी दुपारची गोळी घेतली का?" घेतली नव्हती. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

मॅडमना आईकडची माणसं अजून हवी होती. आईची एक बहीण आहे, तिला मुली आहेत, मुलींना पोरं आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. दुसऱ्या दिवशी आई स्वतःहून दुकानात आली आणि काउंटरच्या आत स्टुलावर बसली. म्हणाली, काढ तुझी वंशावळ.

मी कोरं पान उघडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यात वरच्या चौकटीत बाईचं नाव टाइप केलं, आईच्या आईचं. ते नाव मला त्या दिवशीच कळलं. खाली आई, तिची बहीण, बहिणीच्या मुली, त्यांची पोरं. आई एकेक नाव सांगत होती, वयासकट. मग आईच्या बाजूला एक चौकट उरली. मी सवयीने "झिंग्या" टाइप करायला लागलो. "झिं" झालं असेल.

"ते खोड," आई म्हणाली. "वामन नाव होतं त्याचं."

मी खोडलं, वामन लिहिलं.

मग तिने सांगितलं. माझं बारसं झालं त्याच्या आठवड्यानंतर तो खाप्याहून भाच्याला बघायला नागपूरला आला होता. स्टँडवरून पायी, झोकांड्या खात. घरात बाबांची माणसं बसली होती. आईने दारातच अडवला. उतरली की ये, म्हणाली आणि दार लावलं. तो म्हणाला होता, ताई, पेलो नाही. परत गेला. चार दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. दारूच्या उलट्या म्हणून कोणी डॉक्टरकडे नेला नाही. तो मीठ मागत होता. आजीने चिमूटभर दिलं, परत मागितलं तेव्हा बरणी वर ठेवली.

हे सांगताना आईचा आवाज हलला नाही.

"पेत नव्हता," ती म्हणाली. "हे बी लिव."

वंशावळीत असलं काही लिहायला जागा नसते. मी बाजूला रेघ मारली, रकाना पाडला, वर "शेरा" लिहिलं, आणि वामनच्या नावासमोर टाइप केलं: पीत नव्हता. प्रिंट काढली. आईने चष्मा लावून ती वरपासून वाचली, त्या ओळीवर बोट ठेवून परत वाचली.

"याची दुसरी झेरॉक्स काढ," ती म्हणाली. "मले खाप्याले न्याची आहे."